जावयाच्या गिटारीची दांडी

हॉटेलच्या मॅनेजरनं पालथा हात हवेत धरला, विमान उतरवावं तसा तिरका खाली आणला आणि म्हणाला, "बाई, आवाज हल्ली असा होतोय का हो थोडा? गिऱ्हाइकं कुजबुजतात."

"गिऱ्हाइकं कुजबुजतात ती तुमच्या केकबद्दल," आक्का म्हणाली. "कालचा केक आजचा म्हणून खपवलात की कुजबुजणारच."

मॅनेजर हसत निघून गेला. आक्का हसली नाही. उत्तर तिनं तोंडावर फेकलं होतं, पण त्याचा तो उतरता हात तिच्या घशात जाऊन बसला. कारण गेले काही शनिवार तिलाही तेच वाटत होतं. पहिलं गाणं झकास जायचं, दुसरं बरं. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत मात्र सगळा बँड वर आणि ती खाली, जिना चढताना एकटी म्हातारी मागे राहावी तशी. मग सूर पोचवायला ती जीव काढायची. आणि जीव काढून लावलेला सूर कधी कुणाला गोड लागलाय?

आक्काचं घर आठवडाभर लॉन्ड्री चालवायचं आणि शनिवारी बँड. त्या हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारच्या चहाच्या वेळेला ही मंडळी वाजवायची. आक्का गायची. थोरला मुलगा ड्रम बडवायचा. त्याची बायको बेस गिटार वाजवायची, ती जाड तारांची, पोटात घुमणारी. लेक मागे उभी राहून साथीला गायची. आणि लेकीचा नवरा, म्हणजे जावई, लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. पाच माणसं, एक व्हॅन, आणि भांडणं म्हणाल तर अख्ख्या गल्लीला वाटून उरतील एवढी. बँडमध्ये शेवटचा शब्द आक्काचा, कारण आवाज तिचा. आवाजच गेला तर शब्दाला कोण कुत्रं विचारतं?

खाली व्हॅनमध्ये सामान चढवताना तिनं लेकीकडे बोट दाखवत जाहीर करून टाकलं. "पुढच्या शनिवारी मी गाणार नाही. ही गाईल. मी समोर बसून ऐकणार."

थोरल्याच्या हातातली झांज निसटून रस्त्यावर गरगरत गेली. "आक्का, बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय! तुम्ही काय दिवे लावता ते एकदा समोरून बघायचंय."

"मला नको हं," लेक घाईघाईनं म्हणाली. "मी आपली मागेच बरी."

"तुला विचारलंय कुणी?"

सुनेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लेकीकडे बघितलं आणि मिटलं. जावई लाल गिटार पेटीत निजवत होता, तान्ह्या पोराला निजवावं तशी. त्यानं मान वर केली नाही.

तो आठवडा आक्का मुक्यानं राबली. एरवी इस्त्री फिरवताना तिच्या ओठांवर गाणं असायचं, गिऱ्हाइकं कपडे न्यायला यायची ती दोन ओळी ऐकूनच जायची. आता नुसती वाफेची फुसफूस. कोटवाल्या मास्तरांनी विचारलंसुद्धा, "आज रेडिओ बंद?" तर म्हणाली, "तुमच्या कोटाच्या बाह्या बघा आधी, रेडिओचं काय घेऊन बसलात."

बुधवारी मागच्या खोलीत, टांगलेल्या शर्टांच्या मधोमध, नेहमीची तालीम झाली. लेकीला चाल दाखवायच्या निमित्तानं आक्का एक गाणं गायली. आवाज सरळ, सुरीसारखा. दुसरं गायली, तेही तसंच. मधल्या वेळात सगळ्यांनी चहा घेतला, जावयानं गिटारीच्या खुंट्या पिळून तारा जुळवल्या, थोरल्यानं बिस्किटांचा फडशा पाडला. तिसरंही गाणं चोख. आक्काला आनंद व्हायचा तर उलट जास्तच धसका बसला. घरात वाघ आणि बाहेर शेळी! म्हणजे घसा शाबूत आहे, हिंमत गेली. घशाला औषध मिळतं, हिंमतीला कुठल्या दुकानात मिळणार?

शनिवारी ती चांगलं लुगडं नेसून, चष्मा लावून, गिऱ्हाइकासारखी समोर बसली. टेबल मिळालं लिफ्टजवळचं, कारण ते कुणालाच नको असतं. लिफ्ट येऊन थांबली की दारावरची घंटा 'टिंग' करायची आणि आतून माणसं बाहेर पडायची. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याच वेळी लिफ्ट आली. घंटा आणि गिटार अगदी एका सुरात भिडली. आक्काला मजा वाटली. वाटलं, बघा, यंत्रालासुद्धा आमचं गाणं येतं.

हॉटेलचा हल्लीच निघालेला नियम असा की वाजवणं थांबवायचं नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू, कारण मधे शांतता पडली की लोकांना बिल आठवतं, असं मॅनेजरचं म्हणणं. चौथं गाणं चालू असताना पुन्हा लिफ्ट आली. 'टिंग.' आक्काचे कान टवकारले. घंटा खाली वाजली होती. आधी तिला वाटलं, लिफ्ट बिघडली. मग वाटलं, हीसुद्धा माझ्यासारखी म्हातारी झाली की काय? आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. लोखंडाच्या घंटेला कसलं वय आणि कसली हिंमत! ती सकाळी वाजते तशीच संध्याकाळी वाजते. तिनं पहिल्या गाण्याचा सा आठवला आणि ओठ मिटून गुणगुणून बघितला. पुढची लिफ्ट आली. घंटा आणि तिचा सा, दोघी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या.

मग वर चढलं कोण?

तिनं चष्मा पुसला आणि नीट बघायला लागली. जावयाच्या गिटारीला एक चकचकीत दांडी होती. ती दाबली की तारा धरून ठेवणारी घोडी पुढे झुकायची, तारा सैल पडायच्या, सूर पाण्यात दगड टाकावा तसा खाली जायचा. सोडली की मागच्या स्प्रिंगा घोडीला पुन्हा जागेवर ओढायच्या. जावई दर दोन ओळींनी दांडी दाबत होता. दाबली, सोडली, आणि लगेच त्याचा डावा हात खुंट्यांवर गेला. पटकन दोन-तीन पिळल्या. त्याच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत सुनेनं आपल्या बेसच्या खुंट्या पिळल्या. आणि लेकीनं हनुवटी वर केली. तिच्या मानेच्या शिरा इथून दिसत होत्या.

सगळी वरात गुपचूप एकेक पायरी वर चढत होती. आणि इतके शनिवार आक्का एकटीच बरोबर पायरीवर उभी राहून स्वतःला दोष देत होती!

तेवढ्यात मॅनेजर आला. "आज कसं ताजं वाटतंय, बाई! तरुण आवाज. पुढच्या शनिवारी मालक स्वतः येणार आहेत, मुलीलाच गाऊ द्या."

"मालक येणार असतील तर मीच गाणार."

"पण बाई, मागच्या वेळेला…"

"मागचं मागे. पुढच्या शनिवारी माझा आवाज तुम्हाला उतरलेला वाटला, तर माईक मुलीचा, कायमचा. मी तुमच्या माईकला पुन्हा हात लावणार नाही. झालं समाधान?"

झालं. मॅनेजरचं झालं, आक्काचं नाही. बोलून तर बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं सुनेला दंडाला धरून मागच्या बोळात नेलं, जिथे जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय, आक्का?"

"खुंट्या पिळणं. वेड पांघरू नकोस."

सुनेनं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "भावोजींची एक तार चढते. दांडी दाबून सोडली की जागेवर येत नाही, वरच राहते. मग ते बाकीच्या तारा तिच्या मागे चढवतात. मग मी चढवते. मग वन्सं चढतात."

"आणि मी?"

"तुम्ही… तुम्ही नाही चढलात."

"मला कुणी बोलावलं नाही वर!" आक्का कडाडली. आतून एक वेटर डोकावून परत गेला. "त्याला सांगता नाही आलं, बाबा रे तुझी गिटार चढलीय?"

"कसं सांगणार? तुम्हीच तर नियम केलाय."

हे मात्र खरं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी थोरला एकदा सहज बोलून गेला होता, "भावोजी, जरा बेसूर झालं हं." जावयानं एक शब्द न बोलता गिटार पेटीत घातली, समोरचं ताट तसंच ठेवलं आणि तो घरी चालता झाला. लेक चार दिवस रडत होती. तेव्हा आक्कानं घरात फतवा काढला की जावयाला कुणी काही बोलायचं नाही. सुनेला बोला, मुलाला बोला, जावई म्हणजे काचेचं भांडं.

"मग मला सांगायचंस," आक्का म्हणाली.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी वन्संच्या संसारात काडी टाकतेय."

 आक्का नेमकं तेच म्हणाली असती. "मला वाटत होतं माझाच आवाज गेला," ती जरा हळू बोलली.

सून थक्क होऊन बघत राहिली. "तुम्हाला? आम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी स्वतःची चूक धरलीय, की या वेळी धराल असं वाटावं?"

आता प्रश्न होता, नियम न मोडता जावयाला कळवायचं कसं. आक्कानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय काढला. लेकी बोले सुने लागे. फक्त इथे सुनेला बोलायचं आणि जावयाला लागायला हवं. सोमवारी लेक-जावई चहाला आले तेव्हा तिनं इस्त्री खाली आपटली आणि सुनेवर तोंड सोडलं. "तुझी बेस चढते हल्ली! गाणं चालू असताना खुंट्या काय पिळत बसतेस? सूर म्हणजे काय नळाची तोटी आहे? ज्याचं वाद्य चढतं त्यानं आधी वाद्य दुरुस्त करावं, मग दुसऱ्याला साथीला घ्यावं!"

सून गरीब गाईसारखी खाली मान घालून उभी. थोरला शर्टांच्या मागे जाऊन खोकल्याचं सोंग करून हसत होता. जावयानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. कप ठेवला. स्टूल ओढून सुनेसमोर बसला आणि म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. आणा तुमची बेस. मी शिकवतो."

आणि संध्याकाळभर शिकवलं! तार कशी ओढायची, सूर दाखवणाऱ्या यंत्रावर काटा कसा बघायचा, घाई कशी करायची नाही. किती गोड, किती धीरानं. सून मधूनमधून आक्काकडे असा कटाक्ष टाकत होती की ओला कपडा वाळून कोळसा व्हावा.

"बाण मारला आणि वाटेतल्या म्हशीला लागला," लेक-जावई गेल्यावर थोरला म्हणाला. "माझं बरंय बाई, ड्रमला सूर नाही आणि मला भांडण नाही."

म्हणजे आता तोंडावर बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नियम आक्कानं केला होता, मोडायचाही तिनंच. गुरुवारी ती जावयाच्या कामाच्या ठिकाणी गेली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा घासायचा. खोलीत एकच खिडकी, एक फिरणारं चाक, त्यावर थेंबथेंब पाणी, आणि टेबलावर डबीत कानशी, मोठीपासून केसाएवढ्या बारीकपर्यंत. जावयानं उठून खुर्ची दिली.

"जावईबापू, चष्मा नाकावरून घसरतो," आक्का म्हणाली. आल्या आल्या कसं बोलायचं!

त्यानं चष्मा घेतला, किंचित वाकवला, पुसून परत दिला. एवढ्यात झालं. आक्का चष्मा लावून बसून राहिली.

"अजून काही, आक्का?"

"हो. तुमची गिटार चढते."

चाक आपोआप फिरत होतं. जावयानं बटण बंद केलं. 

"बोलायचं ते बोलून टाकलं," आक्का म्हणाली. "आता हवं तर रुसा, दोन दिवस जेवू नका, पण शनिवारपर्यंत रुसून घ्या. शनिवारी माझी अब्रू पणाला आहे."

"मला माहीत आहे, आक्का."

"माझ्या अब्रूचं?"

"गिटारीचं." तो खालच्या मानेनं काच पुसत होता, जी आधीच स्वच्छ होती. "तिसरी तार. मानेच्या टोकाशी तो पांढरा तुकडा असतो ना, त्यातल्या खाचेतून तार खुंटीकडे जाते. खाच अरुंद आहे. दांडी दाबली की तार सैल होऊन खुंटीकडे सरकते, आणि दांडी सोडली की परत यायला मागत नाही, तिथेच चिमटून बसते. म्हणून चढते. खुंटी उलटी पिळून उतरवायला जावं तर आधी हलतच नाही, आणि मग टक् करून भलतीच खाली येते. पूर्वी दोन गाण्यांच्या मधे थांबून जुळवायचो, आता तेवढा वेळ कुठला? म्हणून बाकीच्याच चढवतो."

"एवढं सगळं कळतंय तर खाच मोठी का नाही केलीत? या एवढ्या कानशी काय दात कोरायला ठेवल्यात?"

"गिटार तुम्ही दिलेली आहे," जावई म्हणाला. "लग्नात. तुम्ही स्वतः दुकानात जाऊन निवडलेली. दिलेल्या वस्तूत खोड आहे म्हणून तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?"

आक्काला ते दुकान आठवलं. दुकानदारानं दहा गिटारी दाखवल्या होत्या. तिनं सगळ्यात चकचकीत उचलली होती, लाल, वर दांडी. वाजते कशी हे तिनं विचारलंही नव्हतं.

"मग निदान दांडी तरी दाबायची नाही!"

आता जावयानं वर बघितलं. "पहिल्या वर्षी मी एकदा दांडी दाबली, तेव्हा तुम्ही गाता गाता मागे वळून 'व्वा' म्हणालात. त्यानंतर कधी म्हणाला नाहीत. म्हटलं, पुन्हा म्हणाल."

"एका 'व्वा'साठी एवढी वर्षं दाबताय?"

"तुमच्या तोंडून निघणं किती अवघड आहे ते घरात कुणालाही विचारा."

आक्कानं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "आणि मी खाली राहत होते ते तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम राहताय."

"मुद्दाम?"

"मला दाखवायला. तोंडानं बोलायचं नाही म्हणून गाऊन बोलताय, की बघा, कुठे गेलात ते. मला रागच येत होता तुमचा."

आक्का बघतच राहिली. आणि मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. पुढे काउंटरवर चष्मा निवडत असलेलं एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि दुकानदाराला म्हणालं, "आत काय दात काढायचंही काम करता का?" ते ऐकून जावईसुद्धा हसला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेत हे आक्कानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्याच संध्याकाळी लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून लाल गिटार निजवली गेली. घर सगळं भोवती गोळा. जावयानं तिसरी तार सोडली, सगळ्यात बारीक कानस घेतली आणि खाचेतून अशी फिरवली, जणू मुंगीची नखं कापतोय. दोनदा घासायचं, फुंकर मारायची, तार बसवून बघायची. खुंटी पिळताना 'टक्' आवाज आला की अजून अडतेय. मग पुन्हा दोनदा.

"जास्त घासू नका हो," लेक म्हणाली.

"तू गप. जिच्या घशाला गरम पाण्याच्या गुळण्या चालल्यात तिनं बोलू नये," आक्का म्हणाली. लेकीचा घसा शनिवारच्या चढाईनं खरोखरच बसला होता. 'मला कायमचा माईक देऊ नका गं बाई,' असं ती घोगऱ्या आवाजात चारदा सांगून चुकली होती.

शेवटी 'टक्' गेला. मग जावयानं पेन्सिलीचं टोक खाचेत घासलं, तार शिशावरून लोण्यासारखी सरकावी म्हणून. सगळ्या तारा नव्या चढवल्या आणि एकेक तार बोटानं उचलून चांगली ताणून काढली, कारण नवी तार नव्या सुनेसारखी, आधी जरा सैलावते. हे थोरला म्हणाला आणि बायकोची कोपरखळी खाल्ली.

जुळवणी सुरू झाली तर एक अजबच. पहिली तार जुळली, दुसरी ओढली, तर पहिली उतरली. तिसरी ओढली, तर दोन्ही उतरल्या. घोडी मागच्या स्प्रिंगांवर तरंगत होती. एका बाजूनं तारा ओढणार, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा. एकीला हात लावला की सगळ्यांचं बिनसणार.

"म्हणजे आपलंच घर की," सून पुटपुटली.

जावई मात्र न कंटाळता फेऱ्या मारत राहिला. पहिलीपासून सहावीपर्यंत, पुन्हा पहिलीपासून. प्रत्येक फेरीला बिघाड कमी. शेवटी सगळ्या एका जागी थांबल्या. मग त्यानं दांडी पार खाली दाबली, तारा धुणं वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबल्या. सोडली. आक्कानं सा लावला. गिटार त्या सा-वर येऊन टेकली.

"पुन्हा," आक्का म्हणाली.

त्यानं दाबली, सोडली. टेकली.

"पुन्हा."

शेवटी थोरला म्हणाला, "आक्का, आता बस कर. तुझ्या आधी स्प्रिंगा दमतील."

शनिवारी मालक आले. अंगानं किरकोळ, नाकाला सर्दी, हातात रुमाल. पहिल्या टेबलावर बसले आणि जे खायला लागले ते मान वर करून बघेनात. त्यांच्या शेजारी मॅनेजर, हात मांडीखाली दाबून बसल्यासारखा.

आक्का माईकसमोर उभी राहिली तेव्हा तिचे तळहात ओले होते. ते कुणाला दिसले नाहीत, कारण तिनं पदर मुठीत धरला होता. पहिलं गाणं गेलं. दुसरं, तिसरं. जावयानं दांडी दाबली, सोडली, आणि त्याचा डावा हात खुंट्यांकडे गेला नाही. चौथं गाणं आलं, जिथे ती नेहमी मागे पडायची. आक्कानं सूर लावला. तो नुसता ठेवावा लागला, ओढावा लागला नाही. सगळे तिथेच होते. किती दिवसांनी सगळे तिथेच होते! पाचव्या गाण्याला तर ती हात मोकळा सोडून गात होती.

शेवटचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला जरा रंग चढला, आणि तिसऱ्याच्या तोंडाला 'तट्' करून जावयाची पहिली तार तुटली.

साध्या गिटारीची एक तार तुटली तर बाकीच्या पाच वाजतात. पण इथे ओढायला एक तार कमी झाल्याबरोबर स्प्रिंगांनी घोडीला मागे खेचलं आणि उरलेल्या सगळ्या तारा एकदम वर उडाल्या. गिटार भेकली. गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. मालकांचा घास तोंडाशी थांबला. मॅनेजरचा हात मांडीखालून निघाला.

जावयानं तळहात तारांवर ठेवून त्या गप्प केल्या आणि खुंट्यांना बोटही लावलं नाही. पण सुनेचा हात, सवयच ती, बेसच्या खुंटीकडे निघाला होता. आक्कानं गाता गाता मान वळवून तिच्याकडे असं बघितलं की तो हात वाटेतूनच परत गेला. बेस होती तिथे राहिली. ड्रम होता तसा चालू राहिला. आणि त्या दोघांवर, मधे गिटारीचा आडोसा नसताना, आक्काचा उघडा आवाज उभा राहिला. म्हातारा होता तो. कडेला थोडा खरखरीत होता. पण जागेवर होता. जिथे दांडीनं सूर हलायचा, तिथे तिनं गळा हलवला आणि ओळ खाली सोडली, आणि पुन्हा उचलून जिथल्या तिथे ठेवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी रुमालात नाक शिंकरलं आणि मॅनेजरला म्हणाले, "बाई बऱ्या गातात. तो लाल गिटारवाला मधेच का थांबला? दमला का?"

मॅनेजर धावत आक्काकडे आला. "आवाज आज ठणठणीत, बाई! काही औषध घेतलंत का?"

"घेतलं ना. जावयाला पाजलं." तिनं माईक जागेवर लावला. "पुढच्या शनिवारी मीच. आणि केकचं बघा जरा."

खाली व्हॅनजवळ सगळे हसत-खिदळत सामान चढवत होते. आक्का येऊन जावयासमोर उभी राहिली. "जास्तीची तार कुठे असते हो तुमची?"

"घरी."

"घरी! कपाटाला गाऊन दाखवता का तुम्ही घरी? मालक समोर, गाणं शेवटचं, आणि तार घरी! शिंप्यानं सुई घरी ठेवून दुकान उघडावं तसं झालं हे. कुणी शिकवलं तुम्हाला?"

हसणं थांबलं. लेकीनं नवऱ्याची बाही धरली. थोरला हातातल्या झांजेकडे असा निरखून बघायला लागला की जणू आजच विकत घेतलीय. सगळे वाट बघत होते, आता पेटी बंद होणार आणि हा पायी घरी निघणार.

जावयानं पेटी खरोखरच बंद केली. व्हॅनमध्ये नीट ठेवली. मग वळून म्हणाला, "चुकलं, आक्का. पुढच्या वेळी दोन आणीन. पण शेवटच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला तुम्ही पळालात."

 आक्काला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पोटच्या पोरानं नाही, नवरा होता तेव्हा त्यानंही नाही.

"पळाले नाही," ती म्हणाली. "तुम्ही चौघं रेंगाळलात."

"आम्ही नाही रेंगाळलो," व्हॅनच्या आतून सुनेचा आवाज आला. "तुम्हीच पळालात."

"घसा बसलाय म्हणून बोलत नाही," लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पण पळालीस तू."

आक्कानं चौघांकडे एकेक करून बघितलं. मग पुढच्या सीटवर चढून बसली, दार धाडकन ओढलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बुधवारी तालमीला आधी तेच कडवं घ्यायचं. मग बघू कोण पळतं आणि कोण रेंगाळतं. आता काढ गाडी, उभे काय राहिलात!"